‘सहकार्य नाही’ असं मीच लिहिलं होतं

२०१४च्या पावसाळ्यात इंदूरच्या रुग्णालयातल्या आमच्या खोलीचं छत गळायला लागलं. खोली कसली, वॉर्डाच्या टोकाला जिन्याखालची जागा. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि दारावर ‘समाजसेवा विभाग’ अशी पाटी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाणी शिरलं, तेव्हा मी जुन्या केस फायली उपसून व्हरांड्यातल्या बाकांवर पसरल्या, पापड वाळत घालतो तशा, आणि वरचा पंखा पाचवर ठेवला.

वाळवण राखायला बसलं की हात गप्प राहत नाही. मी वाचायला लागले. फायली हिंदीत, अक्षर माझं. ‘मरीज़ सहयोग नहीं करता।’ पुढच्या फायलीत, ‘बार-बार समझाने पर भी नहीं माना।’ त्याच्या पुढच्या फायलीत नुसतंच ‘लापरवाह’. खाली माझी सही, नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, शेपटीला ऐटीत वळसा दिलेली. दुपारपर्यंत लक्षात आलं की असे शेरे ज्यांच्या नावापुढे आहेत, ते बहुतेक झाबुआ, अलीराजपूर नाहीतर धारमधल्या कुक्षीकडचे. भिल्ल आणि भिलाला आदिवासी. शहरातल्या एका मास्तरांनीही दोनदा औषध बुडवलं होतं. त्यांच्या फायलीवर मी लिहिलं होतं, ‘पारिवारिक कार्य से बाहर गए थे।’ म्हणजे मास्तरांना कारण होतं आणि बाकीच्यांना नुसता स्वभाव.

मी क्षयाच्या रुग्णांबरोबर काम करते. साधा क्षय असला तरी सहा महिने गोळ्या, आणि मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून आमच्याकडे तारीख चुकणं ही मोठी गोष्ट असते. कोण आला नाही, का आला नाही, हे लिहिणं माझं काम. ‘का’च्या रकान्यात मी वर्षानुवर्षं काय भरत होते, ते त्या दिवशी बाकावर वाळत पडलं होतं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजत असे. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि घराणं इंदूरलाच राहिलं. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, भाजीवालीशी मालवी. पुण्याची मावसबहीण हसते आमच्या भाषेला. हसू दे. आमची मराठी म्हणजे इंदुरी पोहे, वर शेव आणि जिरावण भुरभुरल्याशिवाय बशीत येत नाही.

लहानपणी आजीला डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे असे. डॉक्टर हिंदी भाषिक, मोठे प्रेमळ. आजी म्हणायची, ‘सांग त्यांना, अंगात कणकण आहे.’ मी म्हणायचे, ‘बुखार है.’ ते थर्मामीटर लावायचे, पारा जागचा हलायचा नाही. ‘बुखार तो नहीं है, अम्मा.’ आजी माझ्याकडे रागानं बघायची. ‘ताप नाही म्हटलं गं, कणकण!’ मग मी ‘बुखार जैसा... पर बुखार नहीं...’ असं काहीतरी पुटपुटायचे आणि डॉक्टर कागदावर ‘घबराहट’ लिहायचे. आजीला घबराहट जन्मात कधी झाली नव्हती. एकदा तिनं घरी येऊन सांगितलं, ‘या पोरीला दोन्ही भाषा येतात, पण मधलं काही येत नाही.’

इतकं ऐकून घेतलेली मुलगी पुढे समाजकार्य शिकली. इंदूरला ते शिकवायची सोय १९५१पासून आहे, बाहेर कुठे जावं लागलं नाही. तिथे केसवर्क शिकले, मुलाखत कशी घ्यायची ते शिकले. पुस्तकं बहुतेक अमेरिकेतली, उदाहरणंही तिकडचीच. आणि मनात पक्कं होतं की आपण जन्मापासून दोन संस्कृतींत वावरतो, तेव्हा तिसरीशी बोलणं काय अवघड? मराठी आणि हिंदी या दोन संस्कृती म्हणजे एकाच वाड्याचे दोन चौक आहेत, हे फार उशिरा कळलं.

वाळलेल्या फायलींतून मी एक साधं काम केलं. एक रेघी वही घेतली आणि ज्यानं ज्या तारखेला औषध सोडलं किंवा यायचं चुकवलं, त्या तारखा एकाखाली एक उतरवल्या. वर्षं वेगवेगळी, महिना मात्र शेजारी शेजारी. संशोधन म्हणायला लाज वाटावी एवढंच. पण चारेक दिवसांत पान बघितलं तर तारखा सांडलेल्या ज्वारीसारख्या पसरलेल्या नव्हत्या, ठिकठिकाणी ढीग होते. होळीच्या अलीकडे एक, वैशाखात एक, पहिल्या पावसाबरोबर एक.

आमच्या वॉर्डात एक अटेंडंट आहेत. स्ट्रेचर ढकलणं, सिलिंडर बदलणं, रात्री अपरात्री रक्त आणायला पळणं. स्वतः झाबुआकडचे भिलाला. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ‘बेनजी’. त्या दिवशी ते चहाचा ग्लास ठेवायला आले, वहीकडे वाकून बघितलं आणि होळीच्या ढिगावर बोट ठेवलं. ‘ये तो भगोरिया है.’ मग खाली सरकत गेले. ‘ये शादी-ब्याव. ये बोवनी.’ मला चार दिवस जे कोडं पडलं होतं, ते त्यांनी ग्लास ठेवता ठेवता सोडवलं.

भगोरिया म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन भागात भरणारे हाट. वर्तमानपत्रं दर वर्षी त्यावर ‘पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा’ म्हणून रंगीत फोटो छापतात, आणि ते वाचून दादा दर वर्षी चिडतात. त्यांच्या लेखी तो होळीचा बाजार. गुजरातेत, राजस्थानात मजुरीला गेलेला माणूस त्या आठवड्यात घरी येतो. भाऊ भेटतात, सोयरीक बघितली जाते, वर्षाचे हिशेब होतात, ढोल-मांदल वाजतो. न जाणारा माणूस गावाच्या लेखी मेलेला तरी असतो किंवा रुसलेला तरी.

आणि आम्ही काय करत होतो? बरोब्बर त्या आठवड्यातली तारीख कार्डावर लिहून देत होतो. इंदूरात रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. राजवाड्यासमोर गुलालात माणूस माणसाला ओळखत नाही, अख्खं शहर सुट्टीवर असतं. रंगपंचमीची तारीख ओपीडीच्या कार्डावर घालण्याचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. रजिस्ट्रेशनवाला न विचारता पुढची तारीख देतो, कारण त्यालाही गेरला जायचं असतं. आमची सुट्टी कॅलेंडरवर छापलेली असते आणि त्यांची सुट्टी माझ्या फायलीत ‘लापरवाह’ म्हणून लागते.

पुढच्या वर्षापासून मी भगोरियाच्या हाटांची यादी माघातच मागवायला लागले आणि त्या आठवड्याच्या गोळ्या आधी द्यायला लागले. त्याला ना परवानगी लागली ना पैसे.

सगळं इतकं सोपं नव्हतं. नोतऱ्याचंच बघा. आमच्या फॉर्मवर ‘मासिक आय’ आणि ‘ऋण’ असे दोन रकाने. एका रुग्णाच्या बायकोला विचारलं, कर्ज आहे? म्हणाली, नाही. मग गावाकडे पैसे कसले पाठवता? म्हणाली, नोतरं. मी ‘ऋण’मध्ये लिहिलं. दादांनी संध्याकाळी डोक्याला हात लावला. घरात लग्न निघालं किंवा मोठी अडचण आली की ते घर नोतरं देतं, म्हणजे आमंत्रण. नातेवाईक, गावकरी येतात, प्रत्येक जण रक्कम देतो आणि ती वहीत नावासकट लिहिली जाते. पुढे त्याच्या घरी नोतरं असेल तेव्हा ती परत करायची, तीही थोडी वाढवून. ठरलेलं व्याज नाही, तारीख नाही, कागदावर अंगठा नाही. पण तुम्ही गेलाच नाहीत तर तुमच्या घरच्या अडचणीत कोण येणार? मला यात आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीची आठवण झाली. आईकडे अजून आहे ती, लाल कापडात गुंडाळलेली, ‘काकू – ११ रु. व खण’. पण आपला आहेर हौसेचा. त्यांचं नोतरं म्हणजे त्यांची बँक, विमा आणि पंचायत, सगळं एकातच.

आता या माणसाला मी सांगत होते, ‘औषध ज़रूरी है कि नोतरा?’ तो खाली मान घालून हसायचा. मी लिहायचे, ‘गंभीरता नहीं है।’ नोतऱ्याला गेला नाही तर पुढच्या आजारपणात त्याच्या बायकोच्या ओटीत कुणी रुपया टाकणार नव्हतं. गंभीर तोच होता आमच्या दोघांत.

मग आला तो पांढऱ्या दगडाचा माणूस. याच्यावर थोडं थांबते.

तिशीचा असेल. जिना चढताना मधल्या पायरीवर बसून घ्यायचा. क्षयाचं औषध दोनदा पूर्ण केलेलं, थुंकीत जंतू सापडत नव्हते, एक्स-रेवर डाग मात्र भरपूर. फायलीवर कुणीतरी शंका लिहिलेली की हा गोळ्या खात नसावा. व्यवसायाच्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘मजदूरी’. झाबुआकडच्या सगळ्यांच्याच फायलीवर तोच शब्द होता, शिक्का मारल्यासारखा.

दादा त्याला एक्स-रेला घेऊन जात होते. जाता जाता त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. परत आले ते माझ्या टेबलाशी. ‘बेनजी, ये गोधरा में था. सफेद पत्थर.’ मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांच्या मेव्हण्याच्या गावातली चार-पाच पोरं तिथूनच येऊन अशीच दम लागून मेली.

सफेद पत्थर म्हणजे क्वार्ट्झ, गारगोटी. गोध्रा, बालासिनोरकडच्या कारखान्यांत तो दळून पूड करतात, काचेच्या धंद्याला लागते. दळताना जी धूळ उडते ती सिलिका. ती फुप्फुसात जाऊन बसली की आतलं मांस दगडासारखं घट्ट होत जातं. सिलिकोसिस. एक्स-रे क्षयासारखा दिसू शकतो, खोकला तसाच, वजन तसंच घटतं. वर सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर धरतो, म्हणजे दोन्ही एकत्र असायची शक्यता असतेच. आणि सिलिकोसिसवर औषध नाही. अलीराजपूर, झाबुआ, धारची शेकडो माणसं दुष्काळाच्या वर्षांत तिथे गेली होती आणि छातीत दगड घेऊन परतली होती. त्यांच्यातल्याच लोकांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कोण कुठल्या कारखान्यात किती महिने होतं, कोण कधी गेलं, याच्या याद्या केल्या. त्या याद्यांवर प्रकरण उभं राहिलं. २०१०मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायची शिफारस गुजरात सरकारला केली, आणि २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पैसे द्यायला लावले.

मला टोचलं ते हे. त्या याद्या करणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या फॉर्मवर नव्हता. ‘व्यवसाय’ असा रकाना होता. माणूस ‘मजदूरी’ सांगतो, आपण लिहितो, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. कुठे, कसली, किती महिने, धूळ उडायची का, सोबतचे आता कसे आहेत, हे चार-पाच प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. डॉक्टरांनी पुढे तपासण्या केल्या, निदान बदललं. त्यानं माणूस वाचला नाही. पण तो गोळ्या चुकवत होता हा आळ तेवढा फायलीवरून गेला. कारखान्यातल्या नोकरीचा कागदी पुरावा त्याच्याकडे काहीही नव्हता, ना हजेरी, ना पगाराची चिठ्ठी. बायकोनं फक्त एक कॅम्बिसची पिशवी आणली होती, तिच्या शिवणीत पांढरी पूड अजून होती.

बडव्याबद्दल लोक मला हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. बडवा म्हणजे गावातला देवऋषी-वैद्य. पूर्वी मी दरडावून विचारायचे, ‘बड़वे के पास तो नहीं गए थे?’ आणि सगळे ‘नहीं’ म्हणायचे. आता विचारते, ‘बड़वे ने क्या बताया?’ आणि उत्तर मिळतं. एवढ्यानं कामाची पुष्कळ माहिती हाती येते: आजार कधी सुरू झाला, घरात आणखी कुणाला खोकला आहे, खर्च किती झाला. एकदा एका बडव्याच्या घरीही गेले होते. त्यानं मला बस म्हटलं नाही, दारातच उभं ठेवलं आणि तंबाखू मळत राहिला. मलाही आमच्या ओपीडीत किती माणसं तासन्‌तास उभी असतात ते आठवलं, म्हणून गप्प उभी राहिले. तरी एक सांगते. तान्ह्या पोराची छाती भरली म्हणून पोटावर तापल्या सळईचे डाग देतात, ते मी बघितलंय, आणि तिथे मी कुठल्याही संस्कृतीचा मान ठेवत नाही. दादाही ठेवत नाहीत.

२०२०च्या टाळेबंदीत घरी बसून एक ऑनलाइन अभ्यासवर्ग केला. त्यात न्यूझीलंडबद्दल होतं. तिथे माओरी, म्हणजे मूळचे रहिवासी, आणि गोरे वसाहतवाले अशा दोन समाजांचं ज्ञान एकत्र धरून समाजसेवा करायची, असा शब्दच रूढ आहे, ‘बायकल्चरल’. मला आधी वाटलं, आता प्रोजेक्टरवर नाच दाखवणार. पण निघालं ते फारच रोखठोक. १९८५मध्ये तिथल्या समाजकल्याण खात्याच्या मंत्र्यांनी जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समिती माओरींच्या सभास्थानांवर, ज्यांना ते मराए म्हणतात, जाऊन बसली आणि लोकांचं ऐकलं. पुढच्या वर्षी अहवाल आला, ‘पुआओ-ते-आता-तू’, म्हणजे पहाट. खात्याच्या स्वतःच्या रीतींमध्येच वंशभेद मुरलेला आहे, असं त्या सरकारी अहवालात लिहिलं होतं. खात्याच्या लेखी कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मूल. माओरींच्या लेखी मूल हे व्हानाऊचं, म्हणजे आजी-आजोबा, काका-मावश्या, सगळ्या गोताचं. त्याच्या बाहेर हापू आणि इवी, आपल्याकडे कूळ आणि जमात म्हणू. १९८९च्या बालक-कायद्यात हे तिन्ही शब्द आले आणि ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ आली. मुलाचा प्रश्न असेल तर सगळं गोत बोलवायचं, अधिकाऱ्यांनी माहिती सांगायची आणि मग खोलीबाहेर जायचं. निर्णय आधी घरच्यांनी आपापसात करायचा.

ते खोलीबाहेर जायचं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि चहा टाकायला उठले. पंचवीस वर्षांच्या कामात मी कधी खोलीबाहेर गेले नव्हते.

त्यांच्याकडेही सगळं आलबेल नाही. सरकारच्या ताब्यातल्या मुलांमध्ये माओरी मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा फार जास्त आहे, तसंच राहिलंय. आणि भांडणाचं मूळ पुन्हा आजीच्या कणकणीतच. ६ फेब्रुवारी १८४०ला वाइतांगीला माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात जो करार झाला, त्याच्या इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व ब्रिटनच्या राणीला दिलं असं आहे. माओरी मसुद्यात तिथे ‘कावानातांगा’ हा शब्द आहे, म्हणजे कारभार बघणं, आणि ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारांची सत्ता, सरदारांकडेच राहील असं म्हटलंय. बहुतेक सरदारांनी सही केली ती माओरी मसुद्यावर. एकानं ताप लिहिला, दुसऱ्यानं कणकण सांगितली, आणि पावणेदोनशे वर्षं वाद चालू आहे.

आपल्याकडे आदिवासी भागांसाठी घटनेची पाचवी अनुसूची आहे, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आहे, पण ते सगळं गावाच्या शिवेपर्यंत. माणूस बसनं येऊन गंगवाल स्टँडवर उतरला की तो फक्त मजूर होतो. नाहीतर ‘मामा’. आमच्याकडे आदिवासी रुग्णाला सगळे मामा म्हणतात, ‘ए मामा, इधर लाइन में’. टंट्या भिल्लाला लोक मामा म्हणत, तिथून आलंय म्हणून आम्ही ते आपुलकीचं समजतो. दादांनी एकदा विचारलं होतं, ‘बेनजी, आप अपने मामा को ए बोलते हो?’ २०११च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटी ४ लाख लोक होते. आमच्या इमारतीत त्या भाषेतली एकही पाटी नाही. त्या भाषेतला एक माणूस आहे, तो स्ट्रेचर ढकलतो, आणि दुभाषाचं काम त्याच्या पगारात धरलेलं नाही.

खोलीबाहेर जायचा प्रयोग मी दोन वर्षांनी केला. एक बाई औषधाला दाद न देणाऱ्या क्षयानं लांब मुक्कामाला होती. नवरा सुरतेकडे बांधकामावर, फोन लागत नव्हता. दोन मुलं. त्यांना बालगृहात ठेवायचं का, यावर मला अहवाल लिहायचा होता. २०१५चा बालन्याय कायदाही म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, पण शेवट कधी येतो हे अहवाल लिहिणारा ठरवतो. माझ्या फॉर्मवर पिता, माता, संरक्षक. पिता गायब, माता आजारी, संरक्षकापुढे मी आडवी रेघ मारली होती.

दादा म्हणाले, बुलाओ सबको. मी आहारतज्ज्ञांची खोली मागून घेतली, चार खुर्च्या मांडल्या. तूफान गाडी भरून अकरा माणसं आली. बाईची फुई म्हणजे आत्या, दोन मामा, सासरा, गावचा तडवी म्हणजे मुखिया, आणि एक म्हातारी जिचं नातं मला शेवटपर्यंत समजलं नाही, पण तिच्याआधी कुणी बोलत नव्हतं. मी आजार समजावला, औषध किती महिने, मुलांच्या तपासण्या, कायदा काय म्हणतो. मग म्हटलं, ‘अब आप लोग बात करो’, आणि बाहेर आले. दादाही आले.

व्हरांड्यात मला उभं राहवेना. दाराला कान लावला. सगळं भिलीत. दादांना कळत होतं. मी विचारलं, ‘क्या बोल रहे हैं?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘बेनजी, आप बाहर आए हो ना?’ आणि बिडी ओढायला खाली निघून गेले. मी तिथे सव्वा तास काढला. मध्ये एकदा आतून मोठमोठ्यानं भांडण ऐकू आलं, एकदा रडणं, एकदा हसणं. माझ्या नोकरीतला इतका वाईट सव्वा तास दुसरा आठवत नाही.

दार उघडलं तेव्हा ठरलं होतं. धाकटी फुईकडे, मोठा मामाकडे कारण त्याच्या गावाला आश्रमशाळा जवळ. मका सासऱ्याच्या शेतातून. दर महिन्याला एक जण बाईला भेटायला येणार, नावं त्यांनीच सांगितली. नवऱ्याला शोधायला तडवीचा मुलगा सुरतेला जाणार. यातलं एकही नाव माझ्या फायलीत नव्हतं. मी रेघ खोडून लिहायला लागले तर रकाना पुरेना, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं.

पुढे काय झालं तेही सांगते. मोठा दोन महिन्यांत मामाकडून पळाला आणि त्या म्हातारीकडे जाऊन राहिला, त्याचं शाळेचं वर्ष बुडालं. वरिष्ठांनी विचारलं, बालगृहात असता तर बुडालं असतं का? बहुधा नसतं. धाकटी फुईकडे आहे. बाई बरी होऊन घरी गेली. नवरा सापडला, त्याचं दुसरं घर झालंय सुरतेला. त्यावर गोतानं काय ठरवलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवून मागितल्या. एक कामाबद्दलची: ‘कहाँ, कौन-सा काम, कितने महीने, धूल’. दुसरी: ‘जानकारी किसने दी, किस भाषा में, दुभाषिया का नाम’. ही दुसरी मला जास्त हवी होती. इतकी वर्षं माझ्या अहवालांत जे जे शहाणपणाचं होतं, ते दादांनी सांगितलेलं आणि खाली सही माझी. पहिली ओळ मंजूर झाली. दुसरीला पानावर जागा नाही म्हणून कळवण्यात आलं.

मग मी राजवाड्यामागच्या गल्लीतून त्या ओळीचा रबरी शिक्का करून आणला आणि प्रत्येक फायलीवर वरच्या कोपऱ्यात मारते. दादा त्यापुढे स्वतःचं नाव लिहितात, सावकाश, देवनागरीत, एकेक अक्षर सुटं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतात. त्यांच्या जागी कंत्राटी माणूस येणार, तो बहुधा इथलाच, शहरातला. मे महिन्यात पॅडची शाई सुकते, मी त्यावर दोन थेंब पाणी टाकते, तेवढ्यावर चाललंय.